जुन्या गाडीचे इंजिन वारंवार तापते तेव्हा : काटा कधी चढतो ते आधी पाहा

आमची गाडी २००४ सालची, पेट्रोलवर चालणारी छोटी हॅचबॅक आहे. वडिलांनी ती नवी घेतली होती आणि गेली आठ वर्षे ती मी वापरतो. तिचे इंजिन तापण्याची तक्रार सलग तीन उन्हाळे चालली. या काळात रेडिएटर दोनदा साफ करून घेतला, पंख्याची मोटर बदलली, एका गॅरेजमध्ये थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारी झडप) काढून टाकला गेला आणि दुसऱ्या गॅरेजमध्ये तो पुन्हा बसवला गेला. प्रत्येक दुरुस्तीनंतर दोन-अडीच महिने बरे जात आणि मग एखाद्या दुपारी तापमानाचा काटा पुन्हा लाल पट्टीकडे सरकू लागे. शेवटी उलगडा झाला तो असा, की आम्ही जिला एक तक्रार समजत होतो त्या प्रत्यक्षात तीन होत्या. त्या एकमेकींच्या आड दडल्या होत्या आणि त्यांपैकी दोन, घरच्या बोअरचे पाणी रेडिएटरमध्ये ओतून, आम्हीच ओढवून घेतल्या होत्या. ज्यांची गाडी दुरुस्त होऊनही पुन्हा पुन्हा तापते, त्यांना उपयोग व्हावा म्हणून ही सारी तपासणी येथे लिहीत आहे.

या शोधात सर्वांत जास्त कामाला आली ती डॅशबोर्डच्या खणात ठेवलेली एक छोटी वही. काटा मध्याच्या वर गेला की गाडी बाजूला घेऊन मी ठिकाण, गाडीचा वेग, एसी चालू होता की बंद आणि पंखा फिरत होता की नाही हे लिहून ठेवू लागलो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन पूर्ण गार असताना कुलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, पातळी पाहून तीही त्याच पानावर नोंदवू लागलो. ‘गाडी हीट होते’ एवढेच सांगितले, तर मेकॅनिक त्याच्या अनुभवात जो भाग वारंवार बिघडतो त्यापासून सुरुवात करतो. त्यात त्याचा दोष नसतो, कारण गाडी त्याच्यासमोर उभी असते तेव्हा ती तापत नसते. काटा कोणत्या परिस्थितीत चढतो हे फक्त गाडी चालवणाऱ्यालाच ठाऊक असते.

आमच्या नाशिकमध्ये द्वारका चौकात किंवा मुंबई नाक्यावर गाडी रांगेत उभी असताना काटा चढत असेल आणि रस्ता मोकळा होऊन गाडी धावू लागताच तो उतरत असेल, तर इंजिनात कुलंट बहुधा नीट फिरत आहे आणि कमी पडते आहे ती रेडिएटरमधून जाणारी हवा. याउलट ओझरच्या पुढे महामार्गावर ताशी ऐंशीच्या वेगात काटा चढत असेल आणि वेग कमी केल्यावर उतरत असेल, तर समोरून वारा भरपूर मिळत असूनही उष्णता बाहेर पडत नाही असा त्याचा अर्थ होतो. तेथे पंख्याकडे पाहण्यात वेळ घालवू नये, कुलंट फिरवणारा वॉटर पंप, खालचा होज पाइप आणि रेडिएटरच्या आतल्या नळ्या पाहाव्यात. मुंबईहून परतताना कसारा घाटात गाडी तापली, तर त्यावरून एकट्याने काहीच सिद्ध होत नाही. घाटात वेग कमी आणि इंजिनावरचा भार जास्त असतो, त्यामुळे यंत्रणेतली कोणतीही कमजोरी तेथे उघडी पडते. आमच्या वहीत पहिल्या उन्हाळ्यातल्या सर्व नोंदी शहरातल्या सिग्नलच्या होत्या आणि तिसऱ्या उन्हाळ्यातल्या जवळजवळ सर्व महामार्गावरच्या. हा फरक दिसला तेव्हाच मला पहिल्यांदा शंका आली की, हे एकाच बिघाडाचे काम नाही.

पुढचे सारे समजण्यासाठी तापमानाचा एक हिशेब ध्यानात घ्यावा लागतो. बहुतेक पेट्रोल गाड्यांमध्ये थर्मोस्टॅट ८२ ते ८८ अंश सेल्सिअसला उघडू लागतो आणि रेडिएटरचा पंखा साधारण ९५ ते १०० अंशांच्या दरम्यान सुरू होतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्यामुळे येथे उघड्या भांड्यातले साधे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. म्हणजे रेडिएटरच्या झाकणाने दाब धरला नाही आणि आत कुलंटऐवजी नुसते पाणी असले, तर पंखा जेमतेम सुरू होतो तोच पाणी उकळायला लागते. हेच झाकण नीट असेल तर आत ०.९ बारच्या आसपास दाब तयार होतो, त्या दाबाखाली साधे पाणीसुद्धा ११८ अंशांच्या जवळ जाईपर्यंत उकळत नाही, आणि निम्मे कुलंट व निम्मे डिस्टिल्ड पाणी असेल तर ही मर्यादा १२५ अंशांच्याही पुढे जाते. इंजिनाला घाटात आणि मे महिन्यातल्या दुपारी जो मोकळेपणा लागतो, तो या वीस-पंचवीस अंशांतून मिळतो.

हवेची तक्रार

पहिल्या उन्हाळ्यात पंखा सुरू होत नव्हता, म्हणून त्याची मोटर बदलली, आणि ते काम गरजेचे होते की नाही याची मला आज खात्री नाही. पंखा फिरत नसेल तर मोटरवर खर्च करण्यापूर्वी क्रम असा ठेवावा: आधी फ्यूज पाहावा, मग त्याच क्षमतेचा व तेवढ्याच पिनांचा हॉर्नचा रिले (वीज जोडणारा-तोडणारा छोटा स्विच) पंख्याच्या रिलेच्या जागी लावून पाहावा, आणि मग एसी सुरू करून पाहावा, कारण बऱ्याच गाड्यांमध्ये एसी लावताच पंखाही सुरू होतो. एसीवर पंखा फिरतो पण इंजिन तापल्यावर आपोआप फिरत नाही, असे असेल तर मोटर चांगली आहे आणि दोष तापमान ओळखणाऱ्या स्विचमध्ये किंवा त्याच्या वायरमध्ये आहे. ज्या गाड्यांत हा साधा दोन वायरींचा थर्मोस्विच असतो, तेथे त्याचा कनेक्टर काढून दोन्ही टोके वायरच्या तुकड्याने जोडली की पंखा फिरला पाहिजे. ज्या गाड्यांत पंख्याचा हुकूम संगणकाकडून येतो, तेथे हा प्रयोग करू नये आणि गाडी वाहनांच्या वायरमनकडे न्यावी.

मोटर बदलूनही सिग्नलला काटा थोडा चढतच होता. रेडिएटर समोरून पाहिला तर स्वच्छ दिसत होता, कारण समोर दिसतो तो रेडिएटर नसून एसीचा कंडेन्सर असतो. वरचे दोन बोल्ट सैल करून रेडिएटर चार बोटे मागे घेतला तेव्हा त्या दोघांच्या फटीत कांद्याची वाळलेली टरफले एकावर एक बसलेली निघाली, आणि त्यांच्या खाली किडे, धूळ व तेलकट माती यांचा बोटभर जाडीचा थर होता. आमच्या सासुरवाडीमुळे गाडीचे लासलगावच्या रस्त्याने येणे-जाणे असते आणि हंगामात कांद्याच्या ट्रॉलींमागून मैलोन्मैल जावे लागते. ती सारी टरफले जाळीतून आत ओढली जाऊन तेथे अडकत होती. ही फट साध्या नळाच्या पाण्याने, इंजिनाच्या बाजूकडून बाहेरच्या दिशेने धुवावी. वॉशिंग सेंटरमधला जोराचा फवारा जवळून मारला तर ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या आडव्या होतात आणि हवेची वाट कायमची बंद होते. धुऊन झाल्यावर मागे टॉर्च धरून पुढून पाहावे. ज्या भागातून उजेड दिसत नाही, त्या भागातून हवाही जात नाही.

झाकण, आणि त्यात ओतलेले पाणी

दुसऱ्या वर्षी नोंदी बदलल्या. काटा क्वचितच लाल पट्टीपर्यंत जाई, पण प्रवास संपल्यावर बोनेटखालून बुडबुड्यांचा आवाज येई, कुलंटची प्लास्टिकची बाटली काठोकाठ भरलेली असे आणि सकाळी झाकण उघडावे तर रेडिएटरमध्येच पाणी कमी असे. ही खूण ओळखायला सोपी आहे आणि तरीही बहुतेक जण तिच्याकडे दुर्लक्ष करतात. रेडिएटरच्या झाकणात दोन झडपा असतात. एक दाब वाढल्यावर जास्तीचे कुलंट बाटलीत जाऊ देते आणि दुसरी, मधली छोटी झडप, इंजिन गार होताना तेच कुलंट बाटलीतून परत आत येऊ देते. आमच्या झाकणाच्या रबरी सीलवर गिझरच्या कॉइलवर बसतो तसा पांढरा खरखरीत थर बसला होता, आणि मधली झडप नखाने ओढली तरी हलत नव्हती. त्यामुळे प्रत्येक प्रवासात थोडे कुलंट बाहेर जाई आणि परत येत नसे, आणि कमी झालेले पाणी आम्ही दर रविवारी बोअरच्या नळाला बादली लावून भरत असू.

नाशिकचा सारा परिसर काळ्या बेसॉल्ट खडकाचा आहे आणि येथल्या अनेक बोअरच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार बरेच असतात. असे पाणी तापले की क्षार सर्वांत गरम पृष्ठभागावर, म्हणजे सिलिंडरांच्या भोवती आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत, थर धरून बसतात. शिवाय नुसत्या पाण्यात गंज रोखणारे रसायन नसते. कुलंटचे काम गारठ्यात गोठू न देणे एवढेच आहे आणि आपल्याकडे बर्फ पडत नाही, म्हणून ते महागडे पाणी टाकायचे कशाला, असा युक्तिवाद मी स्वतः अनेकदा ऐकला आहे आणि तो पूर्णपणे चुकीचा आहे. आपल्या हवामानात कुलंट लागते ते उकळण्याची मर्यादा वाढवण्यासाठी आणि लोखंड, ॲल्युमिनियम व रबर यांना आतून जपण्यासाठी. त्यात मिसळायला बॅटरीत टाकतात ते डिस्टिल्ड पाणी वापरावे, आणि डबा विकत घेताना तो मिसळायचा आहे की तसाच ओतायचा आहे, हे लेबलवर वाचून घ्यावे, कारण दोन्ही प्रकारचे डबे दुकानात शेजारी शेजारी असतात.

झाकण बदलताना जुन्या झाकणावर कोरलेला दाबाचा आकडा पाहून त्याच आकड्याचे घ्यावे. जास्त दाबाचे झाकण लावले म्हणजे जास्त चांगले, असे समजू नये. वीस वर्षांचे जुने होज पाइप आणि रेडिएटरच्या प्लास्टिकच्या टाक्या तो दाब सोसत नाहीत. रेडिएटर थोडा पाझरत असेल तर त्यात हळद टाकण्याची युक्तीही आपल्याकडे जुनी आहे. हळदीने भेग काही दिवस बुजते हे खरे, परंतु हळद भेग आणि कुलंटच्या नळ्या यांत फरक करीत नाही. गळका रेडिएटर रेडिएटरवाल्याकडे नेऊन दुरुस्त करावा किंवा बदलावा.

गरम इंजिनावर हे झाकण कधीही उघडू नये. वर म्हटल्याप्रमाणे आतले पाणी शंभर अंशांच्या वर असूनही केवळ दाबामुळे उकळत नसते. झाकण सैल होताच ते क्षणात वाफ होऊन उसळते आणि चेहरा व हात भाजतात. ओले फडके झाकणावर धरून ते हळूच फिरवण्याची पद्धतही सुरक्षित नाही. वरचा होज पाइप हाताने दाबल्यावर मऊ आणि कोमट लागेपर्यंत, म्हणजे निदान पाऊण तास, थांबावे.

वॉटर पंप

नवे झाकण लावले, कुलंट भरले, आणि तिसऱ्या उन्हाळ्यात आई-वडिलांना घेऊन चांदवडला निघालो असताना पिंपळगावच्या अलीकडे काटा पुन्हा चढला. पंखा फिरत होता, पातळी पूर्ण होती, गळती कोठेही नव्हती. वेग साठावर आणला की काटा उतरे, ऐंशीवर नेला की चढे. त्या दिवशी गाडी साठच्या आत ठेवून घरी आणली आणि सकाळी इंजिन गार असताना झाकण काढून सुरू केले. थर्मोस्टॅट उघडून वरचा पाइप गरम झाल्यावर इंजिनाचा वेग किंचित वाढवला की रेडिएटरच्या तोंडातून आतले कुलंट वाहताना दिसले पाहिजे. आमच्याकडे ते नुसते थरथरत होते.

मेकॅनिकने पंप उतरवला, ज्याला गॅरेजमध्ये वॉटर बॉडी म्हणतात, आणि वर्तमानपत्रावर ठेवला. बाहेरून त्यात काहीच वावगे नव्हते. बेअरिंग घट्ट होते, आवाज नव्हता, आणि पंप खराब झाला की ज्या छोट्या भोकातून थेंब गळतात ते भोकही कोरडे होते. त्याने तो उलटा केला. आतल्या चकतीवर पत्र्याची सहा पाती असायला हवी होती. त्यांतली दोन मुळापासून नाहीशी झाली होती आणि उरलेल्या चार पात्यांच्या कडा गंजून करवतीसारख्या झाल्या होत्या. त्यातल्या एकीला त्याने अंगठ्याने दाबले, तर ती बिस्किटासारखी मोडली. “साहेब, पंप फिरतोय, पण पाणी ढकलायला काही उरलंच नाही,” एवढेच तो म्हणाला. बोअरच्या पाण्याने आठ वर्षांत केलेले काम ते होते, आणि दोन वर्षे गाडी ज्या-ज्या गॅरेजमध्ये गेली तेथे पंप गळत नाही एवढे पाहून त्याला चांगले ठरवले गेले होते.

अनेक छोट्या इंजिनांत हा पंप टायमिंग बेल्टवर चालतो, त्यामुळे त्याच्यापर्यंत पोहोचायला बेल्ट उतरवावाच लागतो. अशा वेळी बेल्ट व तो ताणून धरणारे टेन्शनर बेअरिंगही नवे घालावे. मजुरी एकदाच पडते. ज्या गाड्यांत पंप बाहेरच्या पट्ट्यावर चालतो, तेथे आधी पट्टा सैल झाला आहे का ते पाहावे. याच वेळी खालचा होज पाइपही तपासावा. तो पंपाच्या ओढीच्या बाजूला असल्यामुळे जुना होऊन मऊ पडला की इंजिनाचा वेग वाढताच आत चिमटतो आणि प्रवाह अडतो. लक्षण पंपासारखेच, खर्च मात्र काहीशे रुपयांचा.

थर्मोस्टॅटबद्दल थोडे. ‘आपल्याकडे गरमच असते, त्याची गरज नाही’ असे सांगून तो काढून टाकण्याची पद्धत अजूनही आहे. तो काढल्यावर इंजिन योग्य तापमानाला यायला फार वेळ लागतो, पेट्रोल जास्त जळते आणि ऑइल लवकर खराब होते. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो, आणि तो नसेल तर कुलंटचा मोठा भाग रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातो, म्हणजे गाडी उलट जास्त तापते. त्याची परीक्षा घरी करता येते. पातेल्यात पाणी घेऊन तो दोऱ्याने लोंबकळत ठेवावा, तळाला टेकू देऊ नये, आणि पाणी तापवत न्यावे; त्यावर कोरलेल्या आकड्याच्या आसपास तो उघडू लागला आणि पाणी उकळीला आले तेव्हा नीट उघडला, तर तो चांगला आहे.

हेड गॅसकेटची शंका

हेड म्हणजे सिलिंडरांवर बसणारा इंजिनाचा वरचा भाग, आणि तो व खालचा ब्लॉक यांच्यामधला सील म्हणजे हेड गॅसकेट. आमच्या गाडीचे हेड सुदैवाने वाचले. परंतु जी गाडी दोन-तीनदा लाल पट्टीत गेली आहे, तिच्यात ही तपासणी बाकी कोणताही खर्च करण्यापूर्वी करावी. बाहेर थेंबभर गळती नसताना पातळी कमी होत जाणे, गार इंजिन सुरू करताच रेडिएटरच्या तोंडाशी न थांबणारे बुडबुडे येणे, ऑइलच्या झाकणाखाली ताकावरच्या लोण्यासारखा पिवळट फेस दिसणे आणि सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर दीर्घकाळ येत राहणे, या खुणा आहेत. हिवाळ्यात छोट्या अंतरावर फिरणाऱ्या गाडीच्या झाकणाखाली थोडा फेस नुसत्या बाष्पानेही जमतो, म्हणून एकाच खुणेवर निर्णय घेऊ नये. खात्रीसाठी रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी ठेवून करायची चाचणी असते. सिलिंडरमधला वायू कुलंटमध्ये येत असेल तर त्यातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे तो द्रव पिवळा होतो. हेड उतरवावे लागलेच, तर नवे गॅसकेट घालण्यापूर्वी लेथवाल्याकडून हेडची सपाटी मोजून घ्यावी. छोट्या इंजिनांत वाकडेपणाची मर्यादा ०.०५ मिलिमीटरच्या आसपास असते, आणि वाकडे हेड फेसिंग न करता, म्हणजे सपाट न करता, बसवले तर नवे गॅसकेटही पुन्हा जळते.

रस्त्यात काटा चढू लागला तर आधी एसी बंद करावा, मग हीटर व ब्लोअर पूर्ण सोडावा. मे महिन्यात हे सोसणे कठीण असते, पण हीटर हा एक छोटा रेडिएटरच आहे आणि सुरक्षित जागी पोहोचायला तेवढा आधार पुरतो. काटा लाल पट्टीत गेला की मात्र पुढच्या गावाचा विचार न करता गाडी थांबवून इंजिन बंद करावे. चढलेला काटा एकाएकी खाली आला, तर हायसे वाटून घेऊ नये. सेन्सर कुलंटमध्ये बुडालेला असेल तरच खरे तापमान दाखवतो, आणि सारे पाणी निघून गेले असेल तर तो कोरड्या वाफेत उघडा पडून कमी आकडा दाखवू शकतो, तर आत इंजिन जळत असते. तापलेल्या इंजिनावर किंवा इंजिनात गार पाणी ओतू नये, धातू तडकतो. इंजिन बंद असतानाही पंखा अचानक सुरू होऊ शकतो, म्हणून हात त्याच्यापासून दूर ठेवावा.

कुलंट भरताना आत हवा अडकली, तर सारे नवे भाग घालूनही गाडी तापते, आणि दुरुस्तीनंतर लगेच परत येणाऱ्या बऱ्याच तक्रारींचे कारण हेच असते. यंत्रणा आधी साध्या पाण्याने, बाहेर येणारे पाणी स्वच्छ दिसेपर्यंत, आणि शेवटी एकदा डिस्टिल्ड पाण्याने धुवावी. मग गाडीचे तोंड थोड्या चढावर ठेवून, हीटर गरमवर करून, हवा काढण्याचा स्क्रू असेल तर तो सैल करून, कुलंट बारीक धारेने भरावे. झाकण उघडेच ठेवून इंजिन सुरू करावे, खालचा पाइप गरम होऊन पंखा एकदा लागून बंद होईपर्यंत पातळी खाली जाईल तसे भरत राहावे आणि त्यानंतरच झाकण लावावे. हीटरमधून एकसारखी गरम हवा येणे ही आत पोकळी उरली नसल्याची चांगली खूण आहे.

पंप बदलल्यावर मी बाटलीवर मार्करने पातळीची रेघ ओढली आणि सात दिवस रोज सकाळी, गाडी हलवण्यापूर्वी, ती पाहिली. पहिल्या दोन दिवसांत पातळी बोटभर खाली गेली, कारण उरलीसुरली हवा बाहेर पडत होती. तेवढे भरल्यावर ती तेथेच राहिली. आठव्या दिवशी चार माणसे बसवून, एसी लावून, नांदुरीहून सप्तशृंगी गडाचा घाट चढलो. काटा मध्याच्या एक रेघ खाली होता आणि वर पोहोचल्यावर पंखा दोनदा लागून बंद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी कुलंट बाटलीवरच्या रेघेलाच होते, आणि वहीत त्यापुढे तापण्याची नोंद करावी लागलेली नाही.